ताण कामगाराला, कारण कामाच्या आखणीत

कारखान्यातील ‘मनोसामाजिक जोखीम घटक’ (कामाची आखणी, देखरेख आणि परस्परसंबंध यांतून आरोग्याला होणारा धोका) म्हणजे कामगाराच्या मनाचा कमकुवतपणा, असा समज आढळतो. प्रत्यक्षात लाइनचा न झेपणारा वेग, सतत बदलणाऱ्या पाळ्या, सक्तीचा ओव्हरटाइम, कंत्राटाची अनिश्चितता, सुपरवायझरची अपमानास्पद भाषा हे घटक कामात असतात, माणसात नव्हे.

भिंतीला ओल आली की वरून रंग देऊन भागत नाही. गळका पाइप दुरुस्त करावा लागतो. तसेच समुपदेशन किंवा योगवर्ग उपयोगी असले, तरी त्यांनी मूळ कारण हटत नाही.

संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयस्वातंत्र्य (काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा) कमी असेल, तिथे ताण सर्वाधिक असतो. असेंब्ली लाइनवर बहुधा हीच स्थिती असते. ताणाचे परिणामही केवळ मनावर होत नाहीत. झोप बिघडते, मान-पाठ दुखते, हृदयविकाराचा आणि अपघाताचा धोका वाढतो.

२०२१ च्या ‘आयएसओ ४५००३’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकानेही हे घटक कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा भाग मानले आहेत. म्हणून सुरक्षा समितीच्या बैठकीत हेल्मेट-हातमोज्यांइतकीच पाळ्यांची आणि लाइनच्या वेगाचीही चर्चा व्हायला हवी.