वचन आणि विश्वास

मराठी बायबलचे दोन भाग 'जुना करार' व 'नवा करार' या नावांनी ओळखले जातात. करार म्हटला की दोन पक्ष आले, अटी आल्या. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. मानवी वचनाची हीच मर्यादा. धाकट्या भावाशी धरलेला अबोला सोडीन, असे वचन मी आईला तिच्या अंतकाळी दिले होते. 'आधी त्याने बोलावे' या अटीपायी ते आजवर पाळले नाही.

उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात निराळे घडते. प्राचीन प्रथेत करार करणारे कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून चालत. येथे अब्राम गाढ निद्रेत आहे. धुमसती भट्टी व जळती मशाल ही ईश्वराची चिन्हेच तेवढी त्यांमधून जातात. वचनाचा सारा भार देणाराच उचलतो.

१६१६ साली राचोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'ची मांडणीही अशीच आहे: पहिल्या पुराणात तारकाविषयीचे अभिवचन, दुसऱ्यात त्याची पूर्ती. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा ११ वा अध्याय सांगतो की, अब्राहामादी पूर्वज ती पूर्ती न पाहताच विश्वासात मरण पावले. विश्वास म्हणजे फळ हाती असणे नव्हे, देणाऱ्यावर भिस्त ठेवणे होय.

अशा विनाअट वचनावर ज्याची भिस्त आहे, त्याने आपल्या वचनाला अट कशी घालावी? माझा भाऊ हयात आहे. पहिले पाऊल मलाच टाकावयाचे आहे.