ठासणीची बंदूक हाती घेण्यापूर्वी

शेतकरी बंधूंनो, भाताचा दाणा दुधात आला की रानडुकरांना आवतण द्यावे लागत नाही. कळप एका रात्रीत खाचर असे लोळवतो की सकाळी बांधावर उभे राहवत नाही. मग भिंतीवरची वडिलांची ठासणीची बंदूक आठवते. ती उतरवण्याआधी थोडे ऐका.

बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही. वडील गेल्यावर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि स्वतःच्या नावाने अर्ज करावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अर्जदाराला २१ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना ५ वर्षांचा झाला. मात्र हा परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी नसताना डुक्कर मारणे गुन्हा आहे. हुसकायला छर्ऱ्याविना, नुसत्या दारूचा बारही पुष्कळ होतो.

एकदा मी खोडकिडा पाहायला एका घरी गेलो होतो. बंदूक खुंटीला टांगलेली. "रिकामीच आहे साहेब," घरधनी म्हणाले. मी गज मागून घेतला आणि नळीत सोडला. तो तळाला गेलाच नाही, चार बोटे वर अडला. गेल्या पावसाळ्यातला बार तसाच आत होता, आणि खाली नातवंडे जेवायला बसली होती! बंदूक त्याच दिवशी कारागिराकडे नेऊन रिकामी करवली.

म्हणून पहिला धडा गजाचा. नळी नक्की रिकामी असताना गज तळाला टेकवा आणि नळीच्या तोंडाशी येईल तिथे गजावर कानशीने खूण करा. योग्य बार भरल्यावर दुसरी खूण करा. गज दुसऱ्या खुणेच्याही वर राहिला, तर बार दोनदा भरला गेला आहे असे समजा. अशी बंदूक उडवली तर नळी फुटू शकते. हे गप्पांच्या नादात घडते. बंदूक भरताना पान-तंबाखू आणि बोलणे दोन्ही बंद.

दारू काळीच हवी. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरही नको, तिचा दाब या नळीला सोसत नाही. किती दारू घालायची ते कारागिराकडून ठरवून घ्या आणि मापानेच ओता. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आत आधीच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात उडेल. चिंधी आणि छर्रे दारूला घट्ट टेकेपर्यंत ठासा, मधे पोकळी राहिली तर नळी फुगते. ठासताना तोंड नळीवर आणू नका. केप अगदी शेवटी.

ठेवणीतल्या बंदुकीत तेल साचलेले असते. गजाने ती रिकामी असल्याची खात्री करून, दारू न घालता नुसती केप उडवा. नळी गवताच्या पात्यासमोर धरा. पाते हलले की वाट मोकळी झाली.

पहिला बार रात्री, डुकरांच्या मागे धावत काढू नये. सराव कोठे करता येईल ते ठाण्यात विचारा. मागे मातीची उंच दरड हवी, २५ पावलांवर कागद लावा. आपली नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे तिला नसतात. तसा नेम तिच्याकडून मागू नका. छर्रे किती पसरतात तेवढे कागदावर कळले तरी पुष्कळ. (कोडगू जिल्ह्यात कैलपोळ्दूच्या सणाला बंदुकांची पूजा करून नारळावर नेम धरण्याच्या शर्यती होतात. आपल्याकडे मात्र हौसेला जागा कमी.) बार उडाला नाही तर नळी समोरच रोखून पुरते मिनिटभर थांबा. दारू उशिराही पेटते.

कितीही थकलात तरी त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा. जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते, आणि कोकणच्या हवेत रात्रीतून गंज धरतो. चिंधी कोरडी आणि स्वच्छ निघाली की तेलाचा हात द्या.

घरातल्या भगिनींनो, दारूचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवू देऊ नका. केपांची डबी वेगळी ठेवा, आणि तीही कुलपात.