ट्रेलरवरची केबिन बोट आणि आखूड लाटांचं पाणी

आजचा विषय अगदी व्यवहारातला आहे. सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड या भागात आता मराठी घरं पुष्कळ झाली. दहा-पंधरा वर्षं नोकरी होते, घराचे हप्ते आटोक्यात येतात, आणि मग समोर पसरलेलं प्युजेट साउंडचं पाणी खुणावायला लागतं. शोध सुरू होतो तो अशा बोटीचा, जी घराच्या आवारात ट्रेलरवर उभी राहील, शनिवारी गाडीला जोडून नेता येईल आणि जिच्या केबिनमध्ये चार माणसं रात्री झोपू शकतील. अशा बोटी आहेत आणि चांगल्या आहेत. अडचण एवढीच, की इथलं पाणी वर्षातले बरेच दिवस खळबळलेलं असतं, आणि बोट पाहायला आपण जातो शोरूममध्ये, जिथे जमीन हलत नाही.

म्हणून बोटीकडे नंतर येऊ. आधी लाट बघू.

लाट किती उंच, हे सगळेच विचारतात. मी म्हणेन, आधी विचारा की एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते. खोल पाण्यात लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, काढायचा सोपा हिशोब आहे. सेकंदांचा वर्ग करा, त्याला १.५६ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येतं. बाहेर पॅसिफिकमध्ये १० सेकंदांची लाट नेहमीची. तिची लांबी १५६ मीटर. ती दोन मीटर उंच असली तरी बोट टेकडी चढावी तशी सावकाश चढते आणि सावकाश उतरते. आता साउंडच्या आत या. इथे वाऱ्याला धावायला जागा कमी, त्यामुळे लाट तीन सेकंदांची. लांबी १४ मीटर, उंची मीटरभरसुद्धा नाही. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण तुमची बोट २२ फुटी, म्हणजे पावणेसात मीटरची. लाटेच्या लांबीच्या जवळजवळ निम्मी. याचा अर्थ मागचा भाग माथ्यावर असतो नेमका तेव्हा बोटीची नाळ दोन लाटांमधल्या खळग्यात असते. पुढच्याच क्षणी उलट.

आणि ही लाट जागेवर उभी नसते. तीन सेकंदांची लाट साधारण नऊ नॉटने धावते. तुम्ही १५ नॉटने तिच्या समोरून गेलात, तर दर १.१ सेकंदाला एक धक्का. वेग सहा नॉटवर आणलात तर दर पावणेदोन सेकंदांना एक. शिवाय प्रत्येक धक्का पहिल्यापेक्षा बराच सौम्य. हे आकडे जरा लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं बोलणं यांच्याभोवती फिरणार आहे.

आमचे काही श्रोते डेट्रॉइट आणि क्लीव्हलँडहून ऐकतात, त्यांना हे नवीन नाही. लेक ईरीची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. उथळ पाणी, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. तलाव म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये.

इथे आमच्याकडे पाणी खोल आहे, पण भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. डिसेप्शन पाससारख्या चिंचोळ्या जागी ती आठ नॉटपर्यंत जाते. ह्वान डी फ्यूका सामुद्रधुनीत उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि ओहोटीचं पाणी तर पश्चिमेकडेच, समुद्राकडे वाहत असतं. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून. समोरून येणारा प्रवाह लाटेला आखडतो, आणि आखडली की ती उंच होते. तासाभरापूर्वी जिथे मुलं बोटीत पत्ते खेळत होती तिथे आता उभी भिंत. वारा तोच आहे हं, फक्त पाणी फिरलं. कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या तोंडाशी होडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपण मात्र मोबाइलवर फक्त वाऱ्याचा आकडा बघून निघतो.

आता बोट. ट्रेलरवर न्यायची म्हटलं की पहिला निर्णय तुमच्या हातातच नसतो. अमेरिकेत खास परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता येते ती जास्तीत जास्त साडेआठ फूट रुंदीची बोट. बाजारातल्या बहुतेक ट्रेलरवरच्या केबिन बोटी म्हणूनच बरोबर तेवढ्या किंवा थोड्या कमी रुंदीच्या असतात. रुंदी ठरलेली, मग बनवणारा माणूस जागा काढतो कुठून? उंचीतून. केबिन वर वाढते, झोपायच्या जागा वाढतात, आणि त्याबरोबर वाऱ्याला धरायला मोठं शीड मिळतं आणि वजन वर जातं. माहितीपत्रकात 'सहा जण झोपू शकतात' असं वाचलं, की मी त्या बोटीकडे संशयाने बघतो. साडेआठ फुटांत सहा जण? आपल्याकडे लग्नघरात झोपतात तसे झोपत असतील.

तळाच्या आकारावर थोडा वेळ थांबू या, कारण खरी निवड इथे आहे. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिकाज कप शर्यतीसाठी निवडचाचण्या चालू होत्या. तिथे डिक बर्ट्रम यांनी एक २३ फुटी बोट खवळलेल्या पाण्यातून आरामात धावताना पाहिली. ती आराखडाकार रे हंट यांची होती. तळ सपाट नाही, नाळेपासून थेट मागच्या फळीपर्यंत खोल व्हीसारखा. बर्ट्रम यांनी त्याच धर्तीवर मोठी बोट करून घेतली, 'मॉपी' नावाची, आणि १९६० ची मायामी ते नसाऊ शर्यत वाईट समुद्रात, विक्रमी वेळात जिंकली. तेव्हापासून 'डीप व्ही' हा शब्द विक्रेत्यांच्या तोंडी बसला. या तळाचा मागच्या टोकाशी असलेला उतार, ज्याला डेडराइज म्हणतात, साधारण २४ अंशांचा होता. सपाट तळ लाटेवर थापटी मारल्यासारखा आपटतो, व्ही तिला चिरत उतरतो. इथवर गोष्ट खरी आहे.

पण मॉपी तीस फुटी होती, तिच्यात दणकट इंजिनं होती, आणि ती शर्यतीत होती. तुम्ही बावीस फुटी बोटीत बायको-मुलांसह आहात. खोल व्ही पाण्यावर उचलून धरायला ताकद जास्त लागते आणि पेट्रोलही. वेग १४-१५ नॉटच्या खाली गेला की अशा बऱ्याच बोटी खाली बसतात. नाळ वर, शेपूट खाली, समोरचं काही दिसत नाही, आणि इंजिन नुसतं पेट्रोल ओढतं. आणि उभी राहिली की ती डोलते, कारण पाण्यावर टेकायला सपाट जागाच नाही. नांगर टाकून रात्र काढायची असेल तर हे डोलणं सकाळपर्यंत पुरतं.

याच्या उलट टोकाला आहे सी-डोरी २२, इथल्याच वॉशिंग्टन राज्यात जन्मलेली. रुंदी पावणेआठ फुटांच्या आसपास, वजनाला हलकी, तळ मागे जवळजवळ सपाट. जोरात पळवली तर आखूड लाटांत दणादण आपटते, तिचे मालकसुद्धा हे नाकारत नाहीत. तरी या किनाऱ्यावर लोक तिच्यात बसून अलास्कापर्यंत जातात. कसं? कारण हलका सपाट तळ दहा-बारा नॉटलाही पाण्यावर तरंगत धावू शकतो. वेग कमी केला तरी ती खाली बसत नाही. आपटणं कमी होतं आणि प्रवास चालू राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की 'खवळलेल्या पाण्यात कोणती बोट चांगली' हा प्रश्न अर्धवट आहे. त्या पाण्यात तुम्ही खरोखर कोणत्या वेगाने जाणार, हे आधी सांगा. मीटरभर उंचीच्या, तीन सेकंदांच्या लाटांत घरची माणसं बरोबर असताना कोणीही वीस नॉटने जात नाही. तुम्ही सात ते बारा नॉटमध्ये असणार. तेव्हा बोट याच पट्ट्यात कशी वागते ते बघायचं. वीस फुटांची पाणरेषा असलेली बोट पाणी कापत जाते ती साधारण सहा नॉटपर्यंत, त्यानंतर ती चढावाला लागते. हा चढाव जी बोट कमी वेगात आणि नाळ फार न उचलता पार करते, ती तुमच्या उपयोगाची. माझा कौल मधल्या उताराकडे आहे: मागे बारा ते अठरा अंश, आणि पुढचा तिसरा हिस्सा चांगला धारदार. लाट आदळते ती पुढेच, पण माहितीपत्रकात छापतात तो कोन मागच्या फळीजवळचा. सोबत ट्रिम टॅब हवेतच, म्हणजे मागे खाली बसवलेल्या त्या दोन हलत्या पट्ट्या. त्या दाबल्या की नाळ खाली येते आणि धारदार भाग लाटेला भिडतो.

फक्त लाट मागून येत असेल तेव्हा त्या वर घ्यायच्या. धारदार खोल नाळ मागच्या लाटेवरून घसरत पुढच्या लाटेत रुतली, तर तीच सुकाणू होऊन बसते आणि बोट आडवी फिरते. समोरच्या लाटेने कंबर दुखते. बोट उलटते ती बहुधा मागून किंवा बाजूने आलेल्या लाटेने.

कायद्याची एक गोष्ट खूप जणांना ठाऊक नसते. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहिली पाहिजे, असा कोस्ट गार्डचा नियम आहे. वीस फूट आणि त्यावरच्या बोटींना तो लागू नाही. म्हणजे तुम्ही मोठी म्हणून घेतलेली २२ फुटी केबिन बोट भरली, तर ती बुडू शकते, आणि ते कायद्याला मान्य आहे! म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा, आत फोम आहे का आणि किती. मागचा उघडा भाग पाणी आपोआप बाहेर टाकतो का, त्याची भोकं अंगठ्याएवढी आहेत की मुठीएवढी, ते वाकून बघा. आउटबोर्ड इंजिनसाठी मागची फळी खाली कापलेली असेल, तर तिच्या आत दुसरी आडभिंत आहे का, तेही. हे बघताना विक्रेता तुम्हाला केबिनमधला फ्रिज दाखवायला नेईल. जाऊ नका.

पाणी किती थंड आहे हेही बोलायला हवं. प्युजेट साउंड भर उन्हाळ्यातही मुख्य पात्रात दहा-तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा पाण्याबद्दल बचावकार्य करणारे लोक एक-दहा-एक असं सांगतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत माणूस परत वर चढला पाहिजे. म्हणून पाण्यातून हाताने खाली ओढता येणारी शिडी ही सोय नाही, गरज आहे. आणि लाइफ जॅकेट कपाटात नको, अंगावर हवं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. पत्रकात २,००० पौंड लिहिलंय समजा. त्यात इंजिनचे ४००, चाळीस गॅलन पेट्रोलचे २४०, वीस गॅलन पाण्याचे १६५, ट्रेलरचे ९००, आणि नांगर, साखळी, बॅटऱ्या, अंथरुणं, डाळ-तांदूळ धरून ५०० घाला. झाले ४,२००. तुमच्या गाडीची ओढायची मर्यादा ५,००० असेल तर जमलं. पण डोंगर उतरताना थांबायचंही असतं, तेव्हा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत.

आणि आता ट्रेलरबद्दल, ज्याच्याकडे सगळे फक्त पार्किंगची सोय म्हणून बघतात. सॅन हुआन बेटांना जायचं आहे. सिॲटलहून पाण्याने निघालात तर पॉइंट विल्सनपासून कॅटल पासपर्यंत सुमारे वीस सागरी मैल उघडी सामुद्रधुनी पार करावी लागते, पश्चिमेचा वारा थेट अंगावर घेत. त्याऐवजी बोट गाडीमागे लावा, दीडेक तासात अनाकोर्टिसला जा आणि वॉशिंग्टन पार्कच्या रॅम्पवरून उतरवा. आता रोझारिओ सामुद्रधुनीचे चार-पाच मैल, तेही पाणी स्थिर असण्याची वेळ साधून, सकाळी. वारा वाढला तर तिथेच थांबा, नाहीतर डिसेप्शन पासच्या आत कॉर्नेट बेला जाऊन शांत पाण्यात बोट टाका. मोठ्या, मरीनात बांधून ठेवलेल्या बोटीच्या मालकाला हे करता येत नाही. साडेआठ फुटांच्या मर्यादेने जे हिरावून घेतलं, ते ट्रेलर असं परत देतो. मात्र त्यासाठी बोट दोघांना वीस मिनिटांत उतरवता आणि चढवता आली पाहिजे. तीन तास लागणारी २६ फुटी बोट कागदावर ट्रेलरवरची असते. प्रत्यक्षात एकदा पाण्यात गेली की मालक तिला हलवत नाही, आणि वाईट हवेत 'आता आलोच आहोत तर' म्हणत निघतो.

शेवटी चाचणी. सकाळी नऊला आरशासारख्या पाण्यावर घेतलेली चाचणी म्हणजे शोरूमच. दुपारची वेळ मागा, पंधरा नॉट वारा असताना, टाकी भरलेली, आणि घरातली सगळी माणसं बोटीत. लाटेला समोरून, मागून, बाजूने, तिरकं, सगळीकडून चालवायला लावा, तेही आठ, दहा आणि बारा नॉटवर. मग इंजिन बंद करून बोट लाटेला आडवी सोडा आणि पाच मिनिटं बसा. यातला निम्मा वेळ सुकाणूवर विक्रेत्याला ठेवा. चालवणाऱ्याला पुढचा धक्का दिसत असतो, तो गुडघे सैल सोडतो. तुम्ही मागच्या बाकावर बसा, जिथे तुमची आई किंवा सासूबाई बसणार आहेत, हातात चहाचा भरलेला कप घेऊन.