जुन्या फोनवरील ऊसनोंद



भाईंदरला इंद्रलोकात मुलाकडे राहणाऱ्या एका सभासदांनी विचारले, "साहेब, फोन चांगला चालतोय की! मग जुन्या ॲन्ड्रॉइडवर ऊसनोंदीचं ॲप बंद कशाला करताय?"

प्रश्न रास्त आहे. जुने बेणे उगवते, पण रोग आला की तग धरत नाही. फोनचे तसेच. कंपनीने आतल्या प्रणालीची दुरुस्ती थांबवली की नवी सापडलेली भोके उघडीच राहतात. शिवाय प्रत्येक जुन्या प्रणालीवर ॲप तपासायचे, तर खर्च सर्वांच्याच माथी.

पण घाईही नको. विंडोज एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, तरी बँकांची कित्येक एटीएम तिच्यावरच चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले : सप्टेंबरपर्यंत निदान पाव एटीएम बदलायची, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी.

आम्हीही आधी गटवार जुने फोन मोजणार आहोत. लागणीच्या नोंदी चालू असताना ॲप बंद करणार नाही. नंतरही गट ऑफिसात कागदावर नोंद घेऊ. फोनपायी कोणाची तोडणीची पाळी चुकता कामा नये. चिटबॉय बांधावर आला की फोन तेवढा दाखवा.