बाप गेल्यावर घरातल्या मुलांचं काय?



आजचा विषय गटाच्या कर्जाचा नाही, तरी सुरुवात कर्जापासूनच करावी लागते. मागच्या वर्षी कार्तिकात आमच्या एका गटातल्या बाईचा नवरा गेला. रात्रीची लाइन होती, हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि बांधावर साप चावला. दीड महिन्यानं मी त्या घरी गेले. खरं सांगते, सांत्वनाला नव्हते गेले. दोन हप्ते थकले होते आणि बैठकीत मला उत्तर द्यायचं होतं. दार पोरीनं उघडलं. दहावीतली पोर, शाळेच्या वेळी घरी. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेलेली. पोरीनं डब्यातून दोनशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "ताई, पावती द्या."

पावती मी फाडली नाही. पण पैसे परत करायचं त्या वेळी सुचलंही नाही. ते तिसऱ्या दिवशी दिले.

आत अकरा वर्षांचा तिचा भाऊ गोधडीत पडला होता. गुडघे दुखतात म्हणून रात्रभर रडला, असं ती म्हणाली. पोराला सिकलसेल आहे. घर म्हणजे मागच्या बाजूला टिन आणि ताडपत्री. समोर घरकुलाचं जोतं बांधून तसंच पडलेलं, त्यावर तुरीच्या पेंढ्या. घरकुल बापाच्या नावानं मंजूर झालं होतं. बाप गेला, काम थांबलं, आणि ते पुढे सुरू होतं हे त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं.

घरात नातेवाइकांचं ठरत आलं होतं. दीर म्हणाला, "पोट्ट्याले आश्रमात टाकून दे वहिनी, तेथी खायले तरी भेटंल. पोरीचं यंदा पाहून टाकू." माणूस वाईट नाही. त्याचंही दोन एकरांवर भागत नाही. आणि आश्रम म्हटलं की आपल्याकडे मनात सिंधुताई सपकाळ येतात. त्या आपल्या वर्ध्याच्याच, पिंपरी मेघेच्या. हजारो लोकांनी त्यांना 'माई' म्हटलं, २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, जानेवारी २०२२ मध्ये त्या गेल्या. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी असा आसरा हवाच. पण या पोराला आई होती, बहीण होती, जोत्यापर्यंत आलेलं घर होतं. २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी त्याचं घर टिकतं का ते पाहायचं.

घर टिकवायचं म्हणजे नुसती दया नाही, कागद. आणि कागद तीन-चार वेगवेगळ्या दारांत असतात. औषध एका खात्यात, छप्पर दुसऱ्या, शाळा तिसऱ्या, जमीन चौथ्या. मूल मात्र एकच. ताडपत्रीचं आणि त्या गुडघ्यांचं नातं मला आधी कळलं नव्हतं, ते आमच्या आशाताईंनी सांगितलं.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. त्यातून त्या भयंकर कळा येतात. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, जास्त दमणूक झाली की कळा उठतात. म्हणजे पूस-माघाच्या थंडीत ताडपत्रीखाली झोपणाऱ्या पोराला गोळ्या कितीही द्या, रात्री तो रडणारच. भिंत आणि छप्पर हा त्याच्या औषधाचाच भाग आहे. वरून भरपूर पाणी पाजणं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी न चुकवणं, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केली असेल तर मनानं बंद न करणं. ताप किंवा छातीत दुखणं आलं तर घरी वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना. आमच्या भागात अजून "हे घराण्याचं दुखणं आहे" म्हणून अंगारा लावतात. घराण्याचं आहे हे खरंच, कारण ते आईबापांकडून येतं. पण अंगाऱ्यानं पेशी सरळ होत नाहीत.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू होते. वाहकाला पिवळं कार्ड मिळतं, रुग्णाला लाल. दोन पिवळ्या कार्डांचं लग्न ठरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, हे गटात उघड सांगायला लाजू नका. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल हे अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. या पोराचं लाल कार्ड होतं, पण ते बापाच्या खिशातल्या पाकिटात होतं आणि पाकीट कपड्यांबरोबर गेलं. नवं काढायला दोन फेऱ्या झाल्या.

वर्ध्याची एक फेरी म्हणजे मायलेकांचं तिकीट, दिवसाची मजुरी आणि जेवण. इथं आमच्या गटातल्या एका आजीनं जुनी गोष्ट काढली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८०च्या दशकात गावांसाठी ज्वारीचा विमा चालवला होता. सुगीला घराघरातून ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा व्हायची आणि त्या बदल्यात गावाला उपचारात सवलत मिळायची. आता शेतात ज्वारी कुठं राहिली, सगळं सोयाबीन आणि पऱ्हाटी. पण आजी म्हणाली, "ज्वारी नाही तर दहा रुपये काढा." त्या दिवसापासून आमच्या गटात बाईमागे महिन्याला दहा रुपये वेगळ्या डब्यात जातात. ते कर्ज नाही, परत मागायचं नाही. गावातल्या कोणत्याही मुलाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तिकीट त्यातून. हिशेब वेगळ्या वहीत, सगळ्यांसमोर.

आता छपराकडे येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाला १,२०,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये वेगळे. लाभार्थी वारला म्हणून घरकुल आपोआप रद्द होत नाही. वारसाच्या नावानं पुढे चालवता येतं, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद जोडून ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीत अर्ज द्यावा लागतो. कोणी येऊन विचारत नाही. काम बंद पडलेलं दिसलं तर कागदावर ते फक्त 'अपूर्ण' दिसतं, त्यामागे बाई विधवा झाली आहे हे दिसत नाही. आम्ही अर्जाची पोच घेतली आणि जोत्याचा फोटो जोडला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराच्या नोंदीलाही आईचं नाव लावून घेतलं. हे दोन्ही करायला चार महिने गेले. मधल्या थंडीत गटातल्या बायांनी मिळून कुडाला माती लिंपली आणि वर जुनी टिनं टाकली. चांगली नव्हती, पण वारा अडला.

जमिनीची नोंद हा सगळ्यात नाजूक भाग. सासऱ्याची जमीन, सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडी तलाठीच. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. नवऱ्याच्या हिश्शाला बायको, मुलगा आणि मुलगी तिघंही वारस, मुलगीही बरोबरीची. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याच्या नावापुढे "अ.पा.क." असं लिहून पालकाचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान याचा अर्थ इथं अडाणी नाही, वयानं लहान एवढाच. आई ही सांभाळणारी, मालक मूल. मुलाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. म्हणून नोंद होण्याआधी कोणी म्हणालं, "हक्कसोडवर सही करून टाक, घरातलंच आहे," तर सही करू नका. वहीत घडी घालून ठेवा आणि म्हणा, गटात विचारून सांगते. भांडणही होत नाही आणि सहीही होत नाही. या घरात तेच केलं, आणि दीर आठ दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला.

महिन्याच्या खर्चासाठी बालसंगोपन योजना आहे. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मूल अनाथ असावं लागतं असा सगळ्यांचा गैरसमज आहे. आई किंवा बाप एकजण गेला असेल, टाकून गेला असेल, तुरुंगात असेल, मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळला असेल, तरीही मूल बसू शकतं. आधी ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून महिना २,२५० आहेत, वय अठरा होईपर्यंत. अर्ज वर्ध्याला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, आणि आदेश देते बाल कल्याण समिती. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपयांची प्रायोजकत्वाची मदतही आहे, तिला ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये उत्पन्नाची अट आहे. मूल कशात बसतं ते तिथंच विचारावं. कागद असे लागतात: दोघांचं आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलांचा पालकासोबत फोटो. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून उधारी करू नका. बरेचदा काही महिन्यांचे एकदम येतात.

बाकी थोडक्यात. विधवा बाईसाठी तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना, महिना १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये. शेतकऱ्यानं आत्महत्या केली आणि प्रकरण पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत.

एक मदत मात्र या घराला मिळाली नाही, आणि ते मला अजून सलतं. साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पण त्या रात्री त्याला आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं, मग घरी आणलं, सकाळी अग्नी दिला. पोलिसांचा पंचनामा नाही, पोस्टमार्टम नाही. सापाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तिथं नेलं असतं तर कदाचित माणूसही राहिला असता. आणि मी पोचले दीड महिन्यानं, तेही हप्त्यासाठी. म्हणून आता आमच्या गटांत ठरलं आहे: गावात असा मृत्यू झाला की पहिल्या दिवशी दोन बायांनी जायचं, चहाचा कप हातात घ्यायचा आणि पंचनाम्याचं विचारायचं. पहिले तीन महिने हप्ता थांबवायचा. तो ठराव वहीत आहे.

पोरीचं लग्न टळलं. तेही सहज नाही. वय सोळा पूर्ण नव्हतं, मुलगा पाहूनही गेला होता. आमच्या गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, अंगणवाडी ताई ग्राम बाल संरक्षण समितीच्या सचिव आणि सरपंच अध्यक्ष. ही समिती बऱ्याच गावांत कागदावर झोपलेली असते, तिला उठवावं लागतं. आम्ही कोणाची तक्रार केली नाही. अंगणवाडी ताईंनी दीराला घरी बोलावून बालसंगोपनाचा आदेश दाखवला आणि सांगितलं, पोरगी शिकते तोवर हिच्या नावानं पैसे येतात. मला हे बोलणं फार आवडलं नाही, पोरीची किंमत २,२५० झाल्यासारखं वाटलं. पण ते लागू पडलं. तसं जमत नसेल, मूल घरातच धोक्यात असेल, मार खात असेल, तर १०९८ लावा. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत.

ती आता अकरावीत आहे. परवा तिनं विचारलं, "अठरा झाल्यावर पैसे बंद, मग मी कुठं राहू?" प्रश्न बरोबर आहे. शिकायला बाहेर जायचं तर समाजकल्याणची आणि आदिवासी विकासची मुलींची वसतिगृहं आहेत, आणि वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्याखाण्यासाठी स्वाधार, स्वयम्, आधार अशा योजना ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे. जातीचा दाखला आताच काढून ठेवा, बारावीच्या निकालानंतर नाही. पारधी बेड्यावरच्या मुलांचं सगळं इथंच अडतं, बापाजवळच दाखला नसतो. ज्यांचे आई आणि बाप दोघंही नाहीत, त्यांना २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळतं. अमृता करवंदे या अनाथालयात वाढलेल्या मुलीनं पाठपुरावा केला म्हणून ते झालं.

बालसंगोपनचा आदेश पुढे चालू ठेवायला दरवर्षी कागद लागतात. या जूनला बोनाफाईड आईनंच आणलं, मला सांगितलंही नाही. घरासमोरचा फोटो मात्र माझ्या मोबाइलवर काढला. मागच्या फोटोत तिघांच्या मागे ताडपत्री होती. या वेळी भिंत आहे, वर स्लॅब आहे, प्लास्टर नाही, आणि दार जुन्याच घराचं बसवलं आहे, ते चौकटीला थोडं आखूड पडतं. पोरगा म्हणाला, फोटोत दार उघडं ठेवा, म्हणजे फट दिसत नाही.