पाय आला, आता पुढे?

मी दुसरबीडहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगाव फिरताना जे पाहिलं आणि जे चुकलं, ते आज सांगणार आहे.

आमच्या एका गटातल्या वहिनींचा पाय अपघातात मांडीतून काढावा लागला. काही महिन्यांनी शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. पाय घेऊन त्या घरी आल्या त्या दिवशी शेजारपाजार जमला, नारळ फुटला. पंधरा दिवसांनी मी गेले तर पाय दाराआड भिंतीला टेकवलेला आणि वहिनी बाजेवर. सासूबाई म्हणाल्या, "पाय बसवला न्, मंग वावरात काऊन येत नाही?" मीही म्हणाले, "वहिनी, थोडी हिंमत धरा, होईल सवय." त्या काही बोलल्या नाहीत. नुसता पदर डोळ्याला लावला.

पुढे त्यांच्यासोबत पाय दुरुस्त करायला मी स्वतः गेले. तिथल्या तंत्रज्ञांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं, की हिंमत वहिनींकडे भरपूर होती. चूक आमच्या अपेक्षेत होती.

आपण सगळ्यांनी सुधा चंद्रन यांचं नाव ऐकलेलं असतं. 1981 साली अपघातात पाय गेला, जयपूर फूट बसवून त्या पुन्हा नाचल्या, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. घरोघरी तोच दाखला देतात. पण त्यांचा पाय गुडघ्याच्या खालून गेला होता, गुडघा शाबूत होता. 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जे रबरी पाऊल तयार केलं, ते आपल्यासारख्या अनवाणी, चिखलात चालणाऱ्या माणसांसाठीच होतं. पाऊल उत्तमच आहे. पण मांडीतून पाय गेला, की पावलासोबत गुडघाही बाहेरून लावावा लागतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

आपला गुडघा मांडीचे स्नायू धरून ठेवतात. कृत्रिम गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा असतो. वजन जरा चुकीचं पडलं की तो दुमडतो आणि माणूस खाली. म्हणून प्रत्येक पावलाला उरलेली मांडी मागे दाबून गुडघा सरळ ठेवावा लागतो. काही साध्या पायांना कुलूप असतं. चालताना गुडघा ताठ आणि बसताना खटका काढायचा. अशी बाई पाय बाहेरून फेकत चालते. तो आळस नव्हे, ती त्या पायाची चालच आहे.

आणि दम लागतो. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला चालायला साधारण पाव हिश्शाने जास्त ताकद लागते. मांडीतून गेला असेल तर दीडपट, कधी त्याहून जास्त. म्हणजे स्टँडपर्यंत जाऊन आली, की तिच्या अंगातून दीड फेरीची ताकद गेलेली असते. घरी आल्यावर ती टेकली, तर बोलू नका.

पहिले काही महिने काय होतं, तेही ऐका. मांडी ज्या वाटीत बसते तिला सॉकेट म्हणतात. सुरुवातीला मांडीची सूज उतरत जाते आणि सॉकेट सैल होतं. मग मोजे एकावर एक चढवावे लागतात, आणि पहिल्या वर्ष-दीड वर्षात बहुतेकींना सॉकेट बदलावंच लागतं. पाय सैल झाला म्हणजे फसवणूक झाली असं नव्हे. मात्र पुन्हा दाखवायला गेलंच पाहिजे. शिबिरात पाय घेतानाच विचारून ठेवा: दुरुस्ती कुठे होईल, सॉकेट कोण बदलून देईल, चालायला कोण शिकवेल?

पहिल्याच दिवशी दिवसभर पाय घालायचा नाही. अर्धा-एक तास घालायचा, काढायचा, कातडी बघायची. मागची बाजू आरशात बघायची. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, फोड आला, कातडी सोलली, तर पाय घालणं थांबवून दाखवायला जायचं. "सहन कर" हा सल्ला इथे घातक आहे. मधुमेह असेल तर फारच, कारण जखम कळत नाही आणि भरतही नाही. अशा बाईने दुसऱ्या, चांगल्या पायाचा तळवाही रोज बघावा.

मांडी रात्री साबणाने धुऊन कोरडी करायची. पाय घालण्याआधी तेल लावायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचतो, म्हणून दुपारी पाय काढून मांडी पुसून घ्यायची आणि मोजे रोज धुवायचे. मांडीखाली उशी ठेवून झोपायचं नाही. खुब्यातला सांधा आखडला की चालणं अवघड होतं. उलट दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथं पडावं. गेलेला पाय दुखतो, बोटं ठणकतात असं ती म्हणाली, तर तिला वेडी ठरवू नका आणि बाहेरची बाधाही समजू नका. ते दुखणं खरं असतं आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत.

आता घरातलं. मांडी घालून बसणं या पायाने बहुतेकींना जमत नाही. खाली बसायचं तर पाय काढून बसायचं. म्हणून चूल किंवा शेगडी ओट्यावर घ्या. आंघोळीला पक्कं स्टूल, संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा हवा. रात्री पाय काढलेला असतो. झोपेत उठून, पाय आहे असं वाटून कितीतरी जण पडतात. म्हणून कुबडी हाताशी ठेवा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. चपलेची टाच बदलली की पायाचा तोल बदलतो, म्हणून एकाच उंचीची चप्पल वापरा.

आणि वावर? खरं सांगते. नांगरलेली ढेकळं, पावसाळ्यातली चिकट काळी माती, डोक्यावरचा हंडा, दिवसभर बसून निंदण, हे या पायाकडून मागू नका. कुणी एखादी करेलही, पण तो नियम नव्हे. बहुतेकींना काठी घेऊन घरात, अंगणात, दुकानापर्यंत, बसपर्यंत जाता आलं, की पायाने त्याचं काम केलं. काहीजणी बाहेर पाय आणि घरात कुबडी वापरतात. तेही चालतं.

आम्ही गटात काय केलं? बैठकीत ठराव घेऊन वहिनींच्या कर्जाच्या हप्त्यांची मुदत वाढवली. मसाला पॅकिंग आणि वजनाचं काम खुर्चीवर बसून होतं, ते त्यांच्याकडे दिलं. बैठक त्यांच्या ओट्यावर घेऊ लागलो. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. त्यावर एसटीत सवलत आहे, ती महिलांच्या अर्ध्या तिकिटाहूनही जास्त आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. संडासातल्या दांड्यासाठी आणि खुर्चीसाठी आम्ही ग्रामसभेत तोच मागितला. आणि सासूबाईंना पुढच्या वेळी तंत्रज्ञांकडे सोबत नेलं. त्यांनी तो गुडघा हाताने दुमडून पाहिला. परत येताना त्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "मला कोणी सांगतलंच नव्हतं."

अपघाताआधी वहिनी दरवर्षी 12 जानेवारीला बायांसोबत सिंदखेडराजाला जात. यंदा गर्दी वाढायच्या आत, सकाळीच, एसटीने गेल्या. सोबत काठी आणि घडीचं स्टूल. राजवाड्यापर्यंत पोहोचायला त्या दोनदा बसल्या. आम्हीही बसलो. कुणी "चला लवकर" म्हणालं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही कुणाच्या दाराआड असा पाय उभा असेल. तिला हिंमत धर म्हणण्याआधी एक विचारा: "कुठे लागतंय, दाखव." मग तिच्यासोबत दाखवायला जा.