विहारातील अभ्यासिकेसाठी विज्ञानाचे पाठ : कुठे शोधायचे, कसे पारखायचे?

अनेक वस्त्यांतील बुद्ध विहारांत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. शिकवणारे बहुधा कॉलेजात जाणारे तरुण-तरुणी असतात. गणित आणि इंग्रजी कसेबसे होते, पण विज्ञान प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्यावरच संपते. प्रयोगशाळा नाही, शिकवण्याचे प्रशिक्षण नाही, मग दुसरे काय करणार, असे वाटते. प्रत्यक्षात चांगले तयार पाठ इंटरनेटवर मोफत आहेत. ते सापडण्यापेक्षा त्यांतून नेमके निवडणे अवघड आहे.

'विज्ञान पाठ टाचण' असे शोधले की ढीगभर पीडीएफ समोर येतात. त्यातली बरीचशी टाचणे तपासणीला दाखवण्यासाठी भरलेली असतात. उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन असे सगळे रकाने भरलेले, पण मुलांनी हाताने करायचे काय, ते कुठेच नाही. म्हणून सुरुवात शोधापासून नको, पुस्तकापासून करावी. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. धडा वाचून एका वाक्यात लिहा : आज मुलांना नेमके काय समजले पाहिजे? ते वाक्य हाती आले की शोध सोपा होतो.

कुठे शोधायचे?

दीक्षा : केंद्र सरकारचा हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ : पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. आगपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब अशा टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग येथे आहेत. मराठी पुस्तके आणि व्हिडिओही आहेत. खर्च जवळजवळ शून्य.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मानखुर्द : प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला आणि आठवी ते दहावीसाठी 'विज्ञान प्रतिभा' हा उपक्रम या केंद्राचा आहे. शिक्षकाने कोणते प्रश्न विचारावेत, हे येथे शिकायला मिळते.

फेट : अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. विद्युत मंडल, घनता, बल यांसारखे प्रयोग पडद्यावर करता येतात. अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि डाउनलोड केल्यास नेटशिवाय चालतात.

कसे पारखायचे?

एक उदाहरण घेऊ. पौर्णिमा आपल्या मुलांच्या ओळखीची असते; त्या दिवशी विहारात वंदनेला ती येतात. चंद्र लहान-मोठा का दिसतो, असे विचारा. 'पृथ्वीची सावली पडते म्हणून' हे उत्तर हमखास येते. मोठ्यांकडूनही येते. ते चूक आहे. एखाद्या टाचणात हेच लिहिलेले दिसले तर ते बाजूला ठेवा.

आता चांगला पाठ कसा असतो ते पाहा. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब लावा, तो सूर्य. मुलाच्या हातात चेंडू द्या, तो चंद्र. मुलाचे डोके म्हणजे पृथ्वी. चेंडू हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरायचे. बल्बकडे तोंड असताना चेंडूची आपल्याकडची बाजू काळी दिसते, ती अमावस्या. बल्बकडे पाठ केली की चेंडू पूर्ण उजळतो, ती पौर्णिमा. मधे अर्धा चेंडू उजळलेला दिसतो, तेव्हा त्यावर डोक्याची सावली नसते, हे मूल स्वतः पाहते. मग बल्बकडे पाठ ठेवूनच चेंडू डोक्याच्या रेषेत आणायचा. आता त्यावर सावली पडते, ते चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

ग्रहण म्हणजे सावली हे ज्या मुलीने हातातल्या चेंडूवर पाहिले, तिला उद्या घरातल्या गरोदर बाईला ग्रहणात भाजी चिरू नको म्हणणाऱ्यांना प्रश्न विचारता येईल.

प्रत्येक पाठाला तीन प्रश्न विचारा. मुलाला स्वतः पाहता, मोजता येते का? आधीचे उत्तर चुकीचे असेल तर ते कृतीतून उघड होते का? साहित्य वस्तीत मिळते का? शिवाय वर्गाआधी प्रयोग स्वतः करून पाहा. आग, आम्ल किंवा सूर्याकडे थेट पाहणे असेल तर तो प्रयोग टाळा.

कालाम सुत्तात तथागतांनी हीच कसोटी दिली आहे : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मान्य करू नका. ही कसोटी पीडीएफला लागू आहे, तशीच 'हा शोध बुद्धांनी आधीच लावला होता' असे आपल्याच गटात फिरणाऱ्या संदेशालाही. दुसऱ्यांची अंधश्रद्धा तपासायची आणि आपली सोडायची, याला विज्ञाननिष्ठा म्हणता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. ते अभ्यासिकेतल्या मुलाला भाषणातून कळणार नाही, चेंडू हातात घेतल्यावर कळेल.

येत्या अमावस्येपासून सुरुवात करा. मुलांना रोज चंद्र दिसेल तसा वहीत काढायला आणि वेळ लिहायला सांगा. पौर्णिमेला वंदनेनंतर सगळ्या वह्या एकत्र उघडा आणि मग बल्ब लावा.